तोर्बोलेचा वारा आणि आमच्या भाचेजावयांची फळी

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी गार्डा नावाचे सरोवर आहे. लांबी सुमारे पन्नास किलोमीटर आणि खोली ३४६ मीटरपर्यंत. त्याच्या उत्तर टोकाला तोर्बोले हे लहानसे गाव. या गावात घड्याळ लावायचे ते वाऱ्यावरून. रात्रीपासून उत्तरेचा वारा डोंगरातून खाली उतरतो, तो पेलेर. दहा-अकराच्या सुमारास तो थकतो. मग थोडा वेळ पाणी आरशासारखे, आणि दुपारी दक्षिणेकडून ओरा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत. मतलई आणि खारे वारे ज्याने कोकणात अनुभवले आहेत, त्याला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

जर्मन कवी गटे याच गावात १२ सप्टेंबर १७८६ रोजी मुक्कामाला होता. शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला अशी ज्याची कथा आपण वर्गावर्गांतून सांगतो, तोच हा गटे. दुसऱ्या दिवशी तो होडीने दक्षिणेकडे निघाला, तर वारा उलटला आणि मालचेझिने गावी उतरावे लागले. तिथल्या किल्ल्याचे चित्र काढताना लोकांना तो हेर वाटला! गार्डाचा वारा थोरामोठ्यांचीही भीड ठेवत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आम्ही उभयता तिथे गेलो ते म्युनिकच्या भाचीमुळे. तिला आणि भाचेजावयांना वाऱ्यावर उडण्याचा नाद आहे. उडण्याचा हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. शिडाच्या फळीखाली, म्हणजे बोर्डाखाली, मीटरभर लांबीचा एक दांडा असतो आणि त्याच्या खालच्या टोकाला विमानासारखे पंख. त्याला फॉइल म्हणतात. वेग आला की पाण्यातले ते पंख बोर्डाला वर उचलतात आणि माणूस पाण्यापासून दोन हात उंचीवरून आवाज न करता सरकू लागतो. साधा बोर्ड वेग घेणार नाही एवढ्या मंद वाऱ्यातही हे जमते. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये याच प्रकारच्या शर्यती मार्सेयला झाल्या.

दोघांना मिळून एकच बोर्ड घ्यायचा होता. पैसे दोघांच्या शिलकीतले, म्हणून वादही दोघांचा. बोर्डाचे माप लिटरमध्ये सांगतात, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी "दुधाची किटली आहे का ती?" असे विचारलेच. पण हिशेब खरोखर तसाच आहे. गोड्या पाण्यात एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन पेलते. आर्किमिडीजने सांगितलेली ही गोष्ट तेवीसशे वर्षांत बदललेली नाही.

जावयांचे मन १०५ लिटरच्या एका जुन्या बोर्डावर बसले होते. दिसायला देखणा, अरुंद आणि स्वस्तही. त्यांचा युक्तिवाद असा: "मामा, एकदा उडालं की बोर्ड हवेत असतो. लिटरांचा उपयोग काय? उलट मोठा बोर्ड म्हणजे पायाखाली उगीच ओझं. लवकर उडायचं असेल तर पाण्याखालचा पुढचा पंख मोठा घ्यायचा." यात एकही शब्द खोटा नव्हता. भाचीने फक्त कागद पुढे ओढला आणि बेरीज मांडली. ते स्वतः ८४ किलो, ओले कपडे आणि जाकीट ४, बोर्ड ९, फॉइल ५, शीड-डोलकाठी ९, एकूण १११. "सहा लिटर कमी पडतात. वारा पडला तर उभा कुठे राहशील?" जावई हसले. दुकानदाराने दुपारपुरता तो बोर्ड वापरून पाहायला दिला होता.

सप्टेंबरातला ओरा जुलैसारखा भरवशाचा नसतो. त्या दिवशी तो आलाही उशिरा आणि आला तो बेताचाच. जावई मात्र उडाले. किनाऱ्यावरून पाहताना मला आमच्या संस्थेच्या समारंभातील भाषणे आठवली. तीही अशीच जमिनीला न टेकता बराच वेळ चालतात. ते पार समोरच्या कड्याजवळ गेले आणि पाचच्या पुढे कोणी तोटी बंद करावी तसा वारा थांबला. शीड पाण्यात पडले.

आता गंमत उरली नव्हती. पाण्यातून शीड वर ओढायचे तर बोर्डावर उभे राहावे लागते; ते उभे राहिले की बोर्ड घोट्यापर्यंत खाली जाई, कलंडे आणि हे पाण्यात. पाण्यात पडल्या पडल्या शिडाच्या आधाराने वर येण्याची एक युक्ती असते, पण तिला उचलणारा वारा लागतो. चार वेळा उभे राहिलेले आम्ही मोजले. मग ते बोर्डावर पालथे झाले आणि शीड मागे ओढत हातांनी पाणी मारू लागले. सरोवराच्या या भागात खासगी मोटारबोटींना बंदी आहे. एरवी त्या शांततेचे मी कौतुक केले असते. पश्चिमेच्या डोंगरामागे सूर्य लवकर जातो. पाणी काळे दिसू लागले. भाची एक शब्द बोलत नव्हती. तिने कागदाची घडी मुठीत धरून ठेवली होती आणि सौ. तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

अखेर शाळेच्या बचावबोटीला हाक घालावी असे ठरत होते, तेवढ्यात दक्षिणेकडून एक हलकीशी झुळूक आली. त्यात उडण्याइतका दम नव्हता, पण किनाऱ्याकडे ढकलण्याइतका होता. तासाभराने जावई आले ते ओठ निळे करून. "बोललीस तर बघ," एवढेच म्हणाले. ती बोलली नाही. तिने शेगडीवर पाणी ठेवले.

दुसऱ्या दिवशी १५० लिटरचा, चांगला रुंद बोर्ड घेतला. १११ वजा जाता ३९ लिटर हातात राहतात. उभे राहून शीड ओढताना माणूस एका कडेला रेलतो, तेव्हा नुसते तरंगून भागत नाही; ही शिल्लक लागते, आणि रुंदीही. भाचीला खरे तर ११५ पुरला असता. तिचे सगळे ओझे ८२ किलोच भरते. जोराच्या वाऱ्यात हा रुंद पाट तिला आवरायला जड जाणार, हे तिलाही ठाऊक आहे. तेव्हा ती लहान बोर्ड भाड्याने घेणार. मला तिचा हा निर्णय पटला. मंद वाऱ्यासाठी बोर्ड घ्यायचा तर जड माणसाच्या वजनाने घ्यावा. हलक्याला गैरसोय होते, जडाला परत येता येत नाही.

निघण्याच्या आदल्या सकाळी, पेलेर थांबल्यावर, मलाही त्यावर उभे केले. शीड नाही, फॉइल नाही, नुसती फळी. माझे वजन ७८ किलो. ती जेमतेम दबली. सौ. काठावरून फोटो काढत होती, त्यात मी दोन्ही हात पसरून उभा आहे आणि मागे तोर्बोलेची घरे वाकडी आली आहेत.