तुराट्यांचा कुड

आमच्या घराच्या भिंती दोन हात रुंद होत्या. पाहुणे आले की आजोबा कोनाड्यात पार कोपरापर्यंत हात घालून दाखवायचे. दगड आमच्याच रानातल्या खाणीचा. वर सागाच्या तुळया आणि माळवद. मृगाच्या आधी त्या माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. जुना थर कुणी उतरवत नसे, त्यावरच नवा चढायचा. अशा किती पिढ्यांची माती आमच्या डोक्यावर होती, याचा हिशोब घरात कुणी केला नव्हता.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी ती सगळी माती खाली आली.

मी नऊ वर्षांची होते. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. धाकट्याला ताप होता, आत उकडतंय म्हणून तो रडत होता. आई आम्हा दोघांना घेऊन अंगणात बाजेवर आली आणि तेवढ्यानं आम्ही तिघं वाचलो. वडील, आजी आणि आजोबा आत होते. याहून जास्त मला त्याबद्दल आजही लिहिता येत नाही.

आमचं गाव तेव्हाच्या उमरगा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. किल्लारी, सास्तूर अशी जी 52 गावं पुरती बसली आणि पुढं दुसऱ्या जागी वसवली गेली, त्यांत ते नव्हतं. आमच्याकडं काही घरं पडली, उरलेल्यांना तडे गेले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं त्या पहाटे गेली. त्यांतली बहुतेक भूकंपानं मारली नाहीत, घरांनी मारली. मातीत रचलेला ओबडधोबड दगड हादऱ्यासरशी सुटला आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर बसलं. ज्याचं घर जितकं भक्कम दिसत होतं, त्याच्या घरात मरणंही तितकीच जास्त झाली होती.

गावकुसाबाहेरच्या वस्तीत तुराट्यांचे कुड होते. तुरीच्या काड्या उभ्या बांधायच्या, शेणमातीनं लिंपायच्या आणि वर उसाच्या पाचटाचं छप्पर टाकायचं. हादरा बसला तेव्हा ते कुड हलले, वाकले, एखाददुसरा कलंडला. पण त्यांच्याखाली मरण्याइतकं जड काही नव्हतंच.

त्या वस्तीतून अंधारात कंदील घेऊन सगळ्यात आधी आली ती अक्का.

तेव्हा आम्ही तिला अक्का म्हणत नव्हतो. आमच्या घरात तिला आजीपासून माझ्यापर्यंत सगळे एकेरी नावानं हाक मारायचे. खुरपणीला, काढणीला ती आमच्या रानात असे. सणाला परसदारी येई आणि पदर पसरून वाढलेलं नेई. पाणी मागितलं तर आजी वरून ओंजळीत ओतायची. हे मी पाहत होते आणि त्यात वावगं काही आहे असं मला वाटत नव्हतं. ऋण लिहायचं तर ते कुठून सुरू होतं, हे लपवून चालणार नाही.

आई मातीच्या ढिगाऱ्यासमोर बसली होती. तिचा आवाज गेला होता. अक्कानं आधी धाकट्याला खांद्यावर घेतलं, मग माझा हात धरला.

“उठा मालकीणबाई, लेकरं गारठली. म्होरचं मानसं बगत्यात. तुमी चला.”

वस्तीत जाऊन आम्ही तिच्या कुडात वाकून शिरलो. चुलीजवळ गोधडी टाकून तिनं आम्हाला बसवलं आणि आईच्या पुढं पाण्याचा तांब्या धरला. आईनं तो हातात घेतला आणि थांबली. किती वेळ? दोन श्वासांइतका असेल. मग ती पाणी प्यायली. अक्का हे सगळं बघत होती. त्यावर ती तेव्हा काही बोलली नाही आणि पुढं कधीही बोलली नाही. आई मात्र बोलायची. म्हातारपणी एकदा मला म्हणाली, “घर पडलं त्याचं दुःख भोगून झालं गं. त्या तांब्यापाशी मी थांबले ना, ते काही अजून जात नाही.”

त्यानंतर पाऊस लागला. ढिगारे उपसणाऱ्या जवानांना तो सुचू देईना. आम्ही सतरा दिवस त्या कुडात राहिलो. अक्का, तिची दोन मुलं आणि आम्ही तिघं. जागा एवढीशी की रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून बदलावी लागे. नंतर आम्हाला पत्र्याचा शेड मिळाला. शेड म्हणजे पावसात ताशा आणि उन्हाळ्यात तवा. तरी आईला तो बरा वाटायचा, कारण त्याला दगड नव्हता.

निवारा म्हटलं की लोकांना छप्पर आठवतं. मला आठवतं ते अक्कानं छपराखाली काय केलं ते. धाकटा रात्री किंचाळून उठायचा, तेव्हा शेडच्या पत्र्यावर टकटक करून ती आत यायची आणि त्याला छातीशी घेऊन बसायची. पंचनाम्याला आईला ओढत घेऊन गेली. बँकेत खातं उघडायचं होतं, आई उंबऱ्याबाहेर पडेना. अक्काला सही येत नव्हती, पण रांगेत आईच्या मागं ती तीन तास उभी राहिली. दिवाळी झाल्यावर एका सकाळी खुरपं घेऊन दारात आली आणि म्हणाली, “चला, ज्वारी खुरपायची हाय. घरात बसून मानूस सडतंय.” ज्या रानात ती आमच्याकडं मजुरीला यायची, त्याच रानात दोघी एका पाताला लागल्या. आई त्या दिवशी पहिल्यांदा जेवण मागून जेवली.

घरांच्या दुरुस्तीचं काम निघालं तेव्हाची गोष्ट आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता. जी गावं हलवायची नव्हती, तिथं घरमालकानं हप्त्याहप्त्यानं पैसे घेऊन स्वतःच घर मजबूत करायचं, असं ठरलं. पण लोक दगडाच्या भिंतीला पाठ टेकायला तयार नव्हते. धड घर असलेली माणसंही खोपी घालून बाहेर झोपत होती. इंजिनियर येऊन सांगून जायचा, ऐकणारा मान हलवायचा आणि पैशातून न्हाणीघर बांधायचा. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांना या कामात आणलं. मंडळातल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या.

आई सातवी शिकलेली. तिचं नाव कुणीतरी सुचवलं. सासरी गोषात वाढलेली विधवा, ती कुठली चारचौघांत बोलणार? अक्का म्हणाली, “मी येते संगं. तुमी वाचा, मी बोलते.” आणि खरोखरच पहिले काही महिने असंच झालं. आई कागद वाचायची, अक्का तो माणसांच्या भाषेत सांगायची. माळवदावरची माती उतरवा. भिंतीला आरपार भोक पाडून सळई घाला, काँक्रीट भरा, म्हणजे दोन्हीकडचे दगड एकमेकांचा हात धरतील. कोपरे बांधून घ्या. “हात धरतील” हे अक्काचं. कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं.

कधीपासून आई तिला अक्का म्हणू लागली, मला सांगता येणार नाही. मालकीणबाई म्हणणं अक्कानं कधी सोडलं, तेही लक्षात नाही. एक दिवस ती आईला “वैनी” म्हणाली आणि कुणीच मान वर करून बघितलं नाही.

एवढं सगळं झाल्यावर घरांच्या मदतीची यादी लागली. तीत अक्काचं नाव नव्हतं. आई विचारायला गेली तेव्हा उत्तर मिळालं, तिचं नुकसान झालेलं नाही. ते खरंच होतं. तडा जायला भिंत लागते, कुडाला तडा जात नाही. ज्या घरानं सतरा दिवस सहा माणसं जगवली, ते कागदावर घर नव्हतं. मराठवाड्यात त्या वर्षांत दगडाच्या घरांचा पैशापैशाचा हिशोब झाला. कुडांचा झाला नाही. मला यावर आजही संताप येतो.

मी धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, शाळेत शिकवते. शहरात राहून आता पंधरा-सोळा वर्षं झाली. दोन हिवाळ्यांपूर्वी पहाटेची गाडी पकडायला एसटी स्टँडवर गेले होते. बाकड्याखाली एक म्हातारी बोचकं उशाला घेऊन पडली होती. चहा घेऊन तिच्याजवळ बसले. मुलं ऊसतोडीला कर्नाटकात जायची, ती परत आलीच नाहीत. घर पडलं, भावकीनं जागा घेतली. आधी तुळजापूरला देवीच्या पायरीशी राहिली, मग इथं. बेघरांसाठी निवारा केंद्रं असतात, तिथं झोपायला मिळतं, जेवायला मिळतं, असं मी तिला सांगू लागले. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती दिस ठिवत्यात? आन् मग?”

माझ्याकडं “मग”चं उत्तर नव्हतं. गाडी लागली, मी गेले. चार दिवसांनी परत आले तेव्हा बाकड्याखाली दुसरंच कुणी झोपलं होतं.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये शहरांना बेघरांसाठी चोवीस तास उघडे निवारे उभारायला सांगितलं. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं. त्याच्या नियमात शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय करायची होती, माणशी 50 चौरस फूट. 2011 च्या जनगणनेत आमच्या शहराची लोकसंख्या लाखाच्या वर गेली होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त बेघर मोजले गेले. रस्त्यावर झोपणाऱ्याला मोजायचं तर मोजणाऱ्यानं रात्री फिरावं लागतं, म्हणून खरा आकडा याहून मोठाच असणार असं मी धरते. नियमात आणखी एक चांगली गोष्ट होती. निवाऱ्यात आलेल्या माणसाला रेशनकार्ड, निराधार पेन्शन, दवाखाना, घरकुल यांच्याशी जोडून द्यायचं. म्हणजे खाट द्यायची आणि रांगेत मागं उभं राहणारी अक्काही द्यायची. खाटा मोजता येतात. अक्का मोजता येत नाही, म्हणून ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

फिनलंडनं 2008 पासून उलटा विचार केला. माणूस सुधारेल, दारू सोडेल, काम धरेल, मग त्याला घर देऊ, असं म्हणत बसले नाहीत. आधी घर दिलं आणि आधार देणारी माणसं त्याच इमारतीत ठेवली. हेलसिंकीतल्या जुन्या सामायिक वसतिगृहांचं त्यांनी लहान लहान स्वतंत्र घरांत रूपांतर केलं. प्रत्येकाला स्वतःचं दार, स्वतःची किल्ली. फिनलंड श्रीमंत आहे, हे मला कळतं. पण चेन्नईची ‘द बनियन’ ही संस्था आपल्यासारख्याच देशातली आहे आणि तिची सुरुवात आमचं घर पडलं त्याच 1993 सालची. वर्षानुवर्षं संस्थेत अडकलेल्या, मनाच्या आजारातून उठलेल्या बायांना ती साध्या वस्तीत भाड्याच्या घरात चौघी-पाचजणींनी मिळून राहायला देते, सोबतीला एक मदतनीस बाई. बाजारहाट त्या स्वतः करतात, भांडणं स्वतः मिटवतात.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? माझा मावसभाऊ भूकंपात पोरका झाला. तो नळदुर्गच्या ‘आपलं घर’मध्ये वाढला. राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी भूकंपातल्या अनाथ मुलांसाठी ते उभं केलं, पन्नालाल सुराणांनी ते जिवापाड जपलं. मावसभाऊ आज चाळिशी ओलांडून गेला आहे. सुट्टीत कुठं निघालास असं विचारलं की तो अजून “घरी” म्हणतो, आणि ते घर म्हणजे नळदुर्ग.

धाराशिवमध्ये बेघरांसाठी काही उभं राहील तेव्हा त्याचा नकाशा असा असावा असं मला वाटतं. खाली रात्रीचा निवारा, कुणालाही कागद न विचारता आत घेणारा. त्याच आवारात दहा-वीस खोल्या. प्रत्येकीला आतून लागणारी कडी, चुलीची जागा आणि मुदत नसलेलं राहणं. आणि पत्र्यावर टकटक करून आत येईल असं एक पगारी माणूस, तेही कंत्राटानं दर सहा महिन्यांनी बदलणारं नको. बाकड्याखालच्या म्हातारीला मला “मग ही खोली” असं सांगता यायला हवं होतं.

अक्काला घरकुल मिळालं ते 2004 साली. त्या कागदांच्या मागं आई तीन वर्षं होती. रांगेत आता आई पुढं आणि अक्का मागं नव्हती. आई एकटीच जायची, कारण अक्काचे गुडघे गेले होते. सिमेंटची एक खोली, पुढं ओटा. कुड शेजारीच ठेवला होता, अक्कानं तो मोडू दिला नाही.

नव्या घरात पहिल्या रात्री तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. मी सुट्टीला गावी आले होते. जेवणं झाली, भांडी घासून झाली. आई उठायला लागली तेव्हा अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वर स्लॅबकडं बघत होती.

“वैनी,” ती म्हणाली, “आजच्या दिस हितंच पडा की. मला ह्याच्याखाली झोप लागायची न्हाई.”

आईनं काहीच विचारलं नाही. गोधडी ओढली, दार सताड उघडं ठेवलं आणि अक्का व भिंत यांच्या मधल्या जागेत ती आडवी झाली. मी दोघींच्या पायाशी झोपले. मध्यरात्री जाग आली तेव्हा उशाशी तांब्या होता, अर्धा प्यालेला, आणि आई अक्काचा हात धरून झोपली होती.