खापरपणजीचे नाव

श्राद्धाच्या तर्पणात तीन पिढ्यांचा उच्चार होतो. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप, आणि त्यांच्यासोबत माता, पितामही व प्रपितामही. प्रपितामहीच्या पलीकडची बाई, जिला मराठीत खापरपणजी म्हणतात, या उच्चारातून सुटलेली असते. तिचे नाव घरातल्या कुणाच्या ओठांवर येण्याचे कारण उरत नाही, आणि दोन पिढ्या कुणी घेतले नाही की ते घरातल्या कुणाला ठाऊकही उरत नाही. अशा बाईचा शोध घ्यायचा तर तो कागदांतच घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात कागद विपुल आहेत, किंबहुना त्या शतकाने गावोगाव जितके लिहिले तितके आधी क्वचितच लिहिले गेले असेल. पण ते कागद तिच्यासाठी लिहिलेले नव्हते. ते जमिनीसाठी, साऱ्यासाठी आणि हक्कासाठी लिहिलेले होते, आणि त्यात ती आली असेल तर वाटेत आली म्हणून आली.

पुरुषांची गोष्ट वेगळी आहे. ज्या घराकडे वतन किंवा इनाम होते, त्या घरात सात-आठ पिढ्यांची वंशावळ सहसा सापडते, आणि ती सापडते याचे श्रेय घराच्या स्मरणशक्तीइतकेच सरकारच्या संशयाला द्यावे लागते. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने करमाफीच्या जमिनी तपासण्यास घेतल्या आणि १८५२च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला कायद्याचे बळ दिले. तेव्हा इनाम खरे, हे इनामदाराने सिद्ध करायचे होते. सनदा, कैफियती म्हणजे हक्कदाराची लेखी निवेदने, आणि मूळ पुरुषापासून हयात वारसापर्यंत उतरणारी वंशावळ असे सारे त्यासाठी दाखल झाले. त्या काळचे कितीतरी कागद आज पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे लोक ज्याला अजून पेशवे दप्तर म्हणतात तिथे, रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा ज्या चौकोनी कापडात बांधतात ते कापड आणि पर्यायाने तो गठ्ठाही. या वंशावळींत बापाखाली मुलगे आहेत, मुलग्यांखाली त्यांचे मुलगे आहेत, ज्याची शाखा तुटली त्याच्या नावापुढे निःसंतान असा शेरा आहे. आई मात्र कुठेही नाही. पुराणातले काही वीर अयोनिज असतात, कुणी यज्ञातून तर कुणी कलशातून जन्मतात. या वंशावळींतले सारेच पुरुष तसे जन्मलेले दिसतात.

शोधणाऱ्यापुढे पहिली अडचण लिपीची येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गावदप्तराची लिपी मोडी होती, आणि मोडी ही घाईच्या हाताची लिपी आहे: आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग लेखणी फारशी न उचलता अक्षरामागून अक्षर गुंफत जायचे. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि नेहमीचे शब्द पहिल्या अक्षरापुढे दोन उभ्या रेघा मारून संपवलेले असतात. परगण्याचा नुसता ‘प॥’ उरतो. दुसरी अडचण काळाची. एकाच कागदावर शालिवाहन शक आणि संवत्सराचे नाव असते, कधी फसली सन असतो, आणि जुन्या कागदांवर सुहूर सन असतो, जो मृग नक्षत्राला सुरू होतो आणि अरबी संख्याशब्दांत, एकम आधी व हजार शेवटी, असा लिहिला जातो. ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ म्हणजे नऊ, दहा, दोनशे आणि हजार, म्हणजे सुहूर १२१९. त्यात ५९९ मिळवले की १८१८चा मृग येतो, शके १७४०, बहुधान्य नाम संवत्सर, आणि पुण्याच्या सत्तेचा शेवट होऊन जेमतेम काही दिवस झालेले असतात. कोरड्या हिशेबातून असा पाऊस समोर उभा राहतो तेव्हा जुने कागद वाचण्याचा नाद माणसाला का लागतो, ते समजते.

तिसरी अडचण नावांची, आणि ती सर्वांत अवघड आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे एकाच घरात एकाआड एक पिढीत तीच दोन नावे उलटसुलट होत राहतात. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बाळाजी आणि बाळाजी बाजीराव ही प्रसिद्ध घराण्याची गत, मग आडनावही न लिहिणाऱ्या साध्या कुणब्याच्या घराचे काय सांगावे. तरी पुरुषाला ‘बिन’ किंवा ‘वलद’ या शब्दाने बापाशी बांधलेले असते; दोन्हींचा अर्थ ‘अमक्याचा मुलगा’. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ येतो: गंगाबाई कोम बाळाजी, म्हणजे बाळाजीची बायको गंगाबाई. या एका शब्दाने तिचा बाप, तिचे गाव आणि तिचे पहिले नाव अशा तिन्ही गोष्टी पुसल्या जातात, कारण लग्नात तांदळावर नवे नाव लिहून ते तिला देण्याची चाल ज्या घरांत होती त्या घरांत गंगाबाई हे नावही सासरचेच. माहेरच्या कागदांत ती दुसऱ्याच नावाने खेळली-बागडली असेल, आणि ते नाव या नावाला जोडणारा दुवा सरकारी दप्तरात सहसा मिळत नाही.

मृत्युपत्रात ती सापडेल अशी आशा पहिल्यांदा वाटते. इतर देशांत पूर्वज शोधणाऱ्यांना मृत्युपत्रेच पुष्कळदा वाट दाखवतात. इथे ती आशा लवकर मावळते. मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाच्या नियमाने एकत्र कुटुंबातील वडिलार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मतःच उभा राहतो, आणि मरणाऱ्याचा हिस्सा मागे उरलेल्या सहहिस्सेदारांकडे आपोआप जातो. जे स्वतःचे एकट्याचे नव्हे ते मृत्युपत्राने देता येत नाही. शिवाय १८७०चा हिंदू विल्स ॲक्ट या भागात मुंबई शहरापुरताच होता, त्यामुळे खेड्यातल्या हिंदूचे मृत्युपत्र लेखी आणि साक्षांकित असलेच पाहिजे असे बंधन १९२७पर्यंत नव्हते. अंथरुणाभोवती जमलेल्या चार माणसांना सांगितलेला शब्द पुरे होई. लेखी मृत्युपत्र सापडलेच, तर ते स्वकष्टार्जित मिळकत असलेल्या माणसाचे, बहुधा शहरातल्या नोकरदाराचे किंवा व्यापाऱ्याचे असते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदवण्याच्या कचेरीत, मृत्युपत्रांसाठी तिसऱ्या क्रमांकाचे स्वतंत्र पुस्तक असते, आणि मृत्युपत्र करणारा हयात नसेल तर त्या नोंदीची नक्कल कुणालाही अर्ज करून मागता येते. अशा मृत्युपत्रात बायकोचे नाव येते, आणि त्यापाठोपाठ अन्नवस्त्र हा शब्द येतो. मुलांनी आईला अन्नवस्त्र द्यावे, राहण्यास माजघरालगतची खोली द्यावी, तीर्थयात्रेस अमुक रुपये द्यावेत. एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याच्या हिश्शावर हक्क देणारा कायदा १९३७ साली आला; तोवर तिच्या वाट्याला एवढेच होते, आणि तेवढ्यात माजघरालगतची खोली मरणाऱ्याला आठवली असेल तर ती आठवण मोलाची मानली पाहिजे.

मृत्युपत्रापेक्षा खरेदीखत आणि गहाणखत अधिक देतात. १८६४च्या कायद्याने स्थावर मिळकतीच्या बऱ्याच दस्तांची नोंद सक्तीची झाली. नावांची एक आणि मिळकतींची एक अशा सूच्या तयार होऊ लागल्या, आणि आज सदनिका घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असलेला ‘इंडेक्स टू’ हा त्यातल्या दुसऱ्या सूचीचाच वारस आहे. पण सूचीत लिहून देणार आणि लिहून घेणार यांचीच नावे असतात. खरा शोध दस्ताच्या पोटात करावा लागतो, आणि तिथे सर्वांत उपयोगी जागा म्हणजे चतुःसीमा. विकलेली जमीन कोणती हे ठरावे म्हणून तिच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहिण्याची रीत जुनी आहे: पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस अमक्याचा मळा, उत्तरेस गंगाबाई कोम बाळाजी हिचे शेत, आणि मग जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह ती जमीन दिल्याचे वचन. जिच्या स्वतःच्या नावाचा एकही दस्त उरलेला नाही अशी बाई शेजाऱ्याच्या दस्तात उत्तरेची सीमा म्हणून उभी असते. त्या एका ओळीतून पुष्कळ उलगडते. नवरा त्या साली बहुधा हयात नव्हता, घर भावांपासून विभक्त झालेले होते (एकत्र असते तर जमीन दिरांच्या नावे गेली असती), आणि ती जमीन तोवर तिने राखली होती. म्हणून शोध आपल्या घराच्या कागदांवर थांबवू नये. आधी शेजाऱ्यांची घरे वाचावीत.

दत्तकपत्र हा दुसरा कागद, ज्यात ती मध्यभागी येते. नवऱ्याने मनाई केलेली नसेल तर विधवेला दत्तक घेता येतो असे महाराष्ट्रातल्या परंपरेने मानले होते. त्यामुळे ज्या दिवशी ती दुसऱ्याच्या मुलाला मांडीवर घेते त्या दिवशी लिहिणाऱ्याला तिचे वय, तिची परिस्थिती आणि कधी कधी तिचे कारणही लिहावे लागते. पुढे वंशावळीत तो मुलगा मृत नवऱ्याच्या खाली जातो आणि ज्या मांडीवर तो बसला ती पुन्हा दिसेनाशी होते.

१९०३च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची सुरुवात झाली. तेव्हापासून मयताचे नाव कमी करून वारसाचे नाव लावण्याचा प्रत्येक बदल फेरफार नोंदवहीत, म्हणजे जुन्या भाषेत ‘ड’ पत्रकात, चढतो, आणि सातबाराच्या उताऱ्यावरचे कंसातले किंवा वर्तुळातले आकडे त्या फेरफारांचेच असतात. तिथे ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरे दिसली तर थांबावे. अज्ञान पालनकर्ता किंवा पालनकर्ती, म्हणजे वारस मुलगा लहान आहे आणि त्याच्या वतीने जमीन सांभाळणारे माणूस दुसरे आहे. ते माणूस पुष्कळदा आई असते. जन्म-मृत्यूची नोंद पूर्वी गावनमुना चौदामध्ये असे, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३पासून जातीच्या दाखल्यांसाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि तालुक्यातालुक्यांत ही पुस्तके उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांच्या दारी लोक जाऊ लागले. तेही शोध अर्थात बापाच्या बाजूचेच होते, कारण जात तिकडूनच मोजली जाते. त्याच पानांवर मरणाचे कारणही आहे: ताप, देवी, पटकी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला त्यानंतरच्या वर्षांची पाने उलटताना एकाच घराच्या तीन नोंदी एका आठवड्यात येतात, आणि लिहिणाऱ्याचे अक्षर मात्र तेच, तितकेच नीट राहिलेले असते.

राज्य बदलले की बाई निराळी दिसते. गोव्यात १८६७चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७०पासून लागू झाला. त्यात नवरा-बायकोच्या समाईक मिळकतीची कल्पना होती, आणि स्थावर विकताना बायकोची संमती लागे. म्हणून तिथल्या दस्तांत ती नवऱ्याच्या शेजारी, त्याच ओळीत सापडते. त्याहून दूर, मॉरिशसमध्ये, ऊसमळ्यांवर गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्यांची दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. मुंबई बंदरातून चढलेल्यांत कोकणातली कुटुंबे होती, आणि त्यांचे वंशज तिथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात. त्या नोंदवह्यांत उतरलेल्या बाईला तिचा स्वतःचा क्रमांक आहे, तिचे वय आहे, तिची उंची आहे, तिचे गाव आहे. १८६०च्या दशकापासून कितीएकांची छायाचित्रेही आहेत. परक्या कारकुनाच्या कानाने तिचे नाव वेडेवाकडे लिहिले गेले खरे. तरी ज्या साम्राज्याने मागे राहिलेल्या तिच्या बहिणीला ‘कोम’ म्हणून एका शब्दात आटोपले, त्याच साम्राज्याने मजुरीसाठी हवी होती म्हणून हिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, हे वाचताना मनाला फार लागते.

मागे राहिलेल्या बहिणीसाठी शेवटी तीर्थोपाध्यायांच्या वह्याच उरतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया इथले उपाध्ये आपापल्या यजमानांच्या गावांप्रमाणे बाडे ठेवतात, आणि आलेल्या यात्रेकरूकडून घरच्या माणसांची नावे लिहून घेतात. या वह्यांचा हेतू धर्मकृत्याचा असला तरी तिथे बाईला वगळण्याची गरज नव्हती. जी नदीवर आली ती स्वतः सांगे, आणि सांगताना सासू, जावा, सवत, गेलेली मुले सगळी सांगे. एखाद्या पानावर माहेरच्या गावाचे नाव येते, आणि वर्षानुवर्षे मिळत नसलेला दुवा तिथे मिळतो.

आणि मग तोच जुना दस्त पुन्हा काढावा लागतो, कारण आता तो वेगळा वाचता येतो. खाली सह्या आहेत. लिहिता येणाऱ्याची ‘दस्तुरखुद्द’, म्हणजे स्वतःच्या हातची. न येणाऱ्याची निशाणी, जी कारकून काढून देई. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. दिराने जमीन विकली तेव्हा घेणाऱ्याने पुढची कटकट नको म्हणून विधवा भावजयीची संमती मागितली, आणि जिच्या हातातल्या बांगड्या काही वर्षांपूर्वी फोडल्या गेल्या होत्या तिच्या नावापुढे कारकुनाने शाईने एक छोटी गोल बांगडी काढली. वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या दस्तावर बांगडी नाही. तिथे डाव्या हाताचा अंगठा आहे. शाई जास्त लागलेली आहे, अंगठा उमटताना जरा उजवीकडे सरकलेला आहे, आणि भोवती लिहिलेल्या ओळीतला ‘कोम’ त्या डागाखाली गेला आहे. त्याच्या डावीकडे गंगाबाई हे नाव स्वच्छ वाचता येते.