पश्चिमेची भिंत

वाईच्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत आज धड उभी आहे ती एका गवंड्याच्या हट्टामुळे. आम्ही त्यांना नुसतं मिस्त्री म्हणायचो. आता ते नाहीत. त्यांची मजुरी तेव्हाच चुकती झाली, पण त्यांचं खरं देणं अजून माझ्या अंगावर आहे.

घर पणजोबांच्याही आधीचं. जोतं काळ्या दगडाचं, वर पातळ चपट्या विटा आणि सगळं बांधकाम चुन्यातलं. घाटाकडून येणारा पाऊस याच भिंतीला झोडपतो. काकांच्या काळात दरजांतला चुना भुगा होऊन गळायला लागला, तेव्हा एका कंत्राटदाराने त्या सिमेंटने भरून दिल्या. भिंत नवीकोरी दिसू लागली. काही पावसाळे गेले आणि विटांना लोणा लागला. सिमेंटच्या रेघा जागच्या जागी, आणि मधल्या विटा झिजून बोटभर आत गेलेल्या.

मिस्त्रींनी भिंतीवरून हात फिरवला, विटेची पूड तळव्यावर घेतली आणि म्हणाले, "सिमिट शाबूत हाय दादा, इट गेली. उलटं व्हाया पायजे हुतं. दरज जाऊ द्यायची, इट ऱ्हायली पायजे. दरज पुन्यांदा भरता येती."

चुन्याच्या कामाचं सगळं मर्म मला त्या वाक्यात मिळालं. जुनी वीट मऊ, पाणी पिणारी. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या दरजेतून हळूहळू वाळून जाते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल विटेतूनच बाहेर पडते, आणि तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या तोंडाशी स्फटिक होऊन एकेक पापुद्रा फोडत जातात. ऊन-थंडीने भिंत थोडी फुगते, थोडी आकसते. चुना तेवढं सांभाळून घेतो, सिमेंट दाद देत नाही. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ सालची. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट निघालं १८२४ साली. आपले जुने वाडे चुन्याच्या हिशेबाने बांधलेले आहेत, त्यांची दुरुस्तीही त्याच हिशेबाने व्हायला हवी.

भाद्रपदात त्यांनी परसात खड्डा करून चुनकळी भिजवली. पाणी पडताच ढेकळं तडतडून फुटली, वाफ उसळली, खड्डा खदखदू लागला. मला त्यांनी हात धरून मागे ओढलं. तो चुना डोळ्यात उडाला तर डोळा जातो. त्यांनी स्वतः मात्र हातांना खोबरेल चोपडलं आणि काठीने ढवळत राहिले. त्यांच्या बोटांच्या पेरांवरच्या भेगा कधीच भरून आल्या नाहीत. दख्खनच्या या भागात काळा दगडच सगळीकडे, त्याचा चुना होत नाही. त्यामुळे काळ्या मातीतले, नदीकाठचे कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, वेचून भट्टीत भाजायचे, ही इथली जुनी रीत. कंकरात मुळातच मातीचा अंश असतो, म्हणून त्याचा चुना ओलीतही धरतो. तो मळायला पूर्वी बैलाची घाणी असे. तिची दगडी चाकं अजून कितीतरी किल्ल्यांवर पडलेली दिसतात.

आमच्याकडे घाणी नव्हती, मावशी होत्या. मावशी म्हणजे मिस्त्रींच्या घरच्या. जुन्या विटांचे तुकडे कुटून, फडक्यातून चाळून त्यांनी सुरकी केली, आणि चुना, सुरकी, वाळू सारख्या मापाने घेऊन दिवसभर बडवून मळली. त्या कामाचं कौतुक कुणी केलं नाही, मजुरीही मिस्त्रींच्या निम्मी ठरली होती. भिंतीला धरून ठेवणारा मसाला त्यांच्या हातचा आहे, हे इथे लिहायलाच हवं. हिरड्याचं आणि गुळाचं पाणी मिस्त्री स्वतः बेताने घालत. "ह्ये औषिद हाय, जेवान न्हवं," म्हणायचे.

दिवाळीनंतर दरजा उकरायला घेतल्या. ग्राइंडर आणतो म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला, कारण त्याने विटेची कड उडते. बारीक छिन्नी, हलका हात. दरज जितकी रुंद, तिच्या दुप्पट तरी खोल गेली पाहिजे. मग केरसुणीने झाडून, भिंत भिजवून, बारीक थापीने चुना मागून पुढे थरथराने दाबायचा. तोंडाशी किंचित आत ठेवायचा, विटेवर पसरू द्यायचा नाही. अंगठा दाबून ठसा उमटेनासा झाला की ताठ कुंचल्याने ठोकायचा. वर ओलं गोणपाट. ते वाळलं की मिस्त्री ओरडत, आणि माझं रोजचं काम ठरलेलं असे, गोणपाटावर पाणी मारणं. सिमेंट रातोरात धरतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत महिनोन् महिने घट्ट होत राहतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. त्यांना घाई कधीच नव्हती. हिवाळाभर काम चाललं. काका वैतागले, शेजारी हसले, मिस्त्रींनी वेग बदलला नाही.

त्या भिंतीवर तेव्हापासून किती पावसाळे कोसळले. पावसाने एक-दोन ठिकाणी दरज थोडी खाल्ली, ती मी त्यांनी शिकवल्याप्रमाणे भरली. वीट एकही गेली नाही. कुठलीही जुनी इमारत दिसली की आधी दरजेवर नख मारून बघण्याची सवय मला त्यांनीच लावली. माझ्या शिक्षकांच्या यादीत मी त्यांना वरचं स्थान देतो.

त्यांची मुलं पुण्यात टाइल्स बसवतात. चुन्याचं काम त्यांना कुणी सांगितलंच नाही, मग वडिलांकडून शिकून करायचं काय?

म्हणून एक विनंती. तुमच्या जुन्या घराच्या भिंतीतून चुना गळत असेल, तर सिमेंटचं पोतं आणण्याआधी गावात चुन्याचं काम केलेला गवंडी कोण उरला आहे, याची चौकशी करा. त्याला आणि त्याच्याबरोबर राबणाऱ्या बाईला पूर्ण मजुरी द्या, हाताखाली एखादा तरुण पोरगा लावून द्या. भाद्रपदात चुनकळी भिजवलीत, तर दिवाळीनंतर काम सुरू करता येतं.