ऑटोप्ले बंद

परवा रात्री ऑफिसातून येताना कॅबवाल्या काकांनी गाडी अचानक गल्लीत वळवली आणि माझ्या पोटात गोळा आला. पुढचा रस्ता खोदला होता, एवढंच! पण आठवडाभर झोपण्याआधी नेटफ्लिक्सवर सीरियल किलर बघत होते ना... सावध असणं वेगळं. मला तर त्यांच्यात खुनीच दिसला. लाज वाटली.

रविवारी चर्चहून आल्यावर फिलिप्पैकरांस पत्र ४:८ पुन्हा वाचलं. काय बघू नये याची यादी पौल तिथे देतच नाही. मनन कशाचं करावं, याची देतो. आमच्या भाषेत ब्लॅकलिस्ट नव्हे, व्हाइटलिस्ट! मी मात्र 'यात वाईट काय?' म्हणत सगळंच आत घेत होते.

आता ऑटोप्ले बंद केलंय. रात्रीचा तो तास अजून रिकामा वाटतो. असो, वाटू दे.