लेकीचे दोन विषय

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी, मगरिबनंतर, आमच्या मोठ्या लेकीने जाहीर केले की ती पुण्याला जाऊन मानसशास्त्र आणि त्याच्या जोडीला गुन्हेगारीशास्त्र घेणार. दादीजानने तस्बीह थांबवली आणि म्हणाल्या, "एक पगलों का इलम, दूसरा चोरों का. रिश्तेवाले पूछे तो क्या बोलना?"

आम्ही नवराबायको दोघेही सोलापुरात एकाच उर्दू हायस्कूलमध्ये शिक्षक. मुलीने बीएड करावे, नाहीतर फार्मसीला जावे, एवढीच आमची झेप. पण 'मुलांच्या आवडीचे ऐका' असे पालकसभेत सांगणाऱ्यांना घरात वेगळे बोलता येईना. पाठवले.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत ती आली ती गोष्टी घेऊनच. लोम्ब्रोझो नावाच्या इटालियन डॉक्टरने 1876 मध्ये पुस्तक लिहून मांडले होते की काही माणसे जन्मजात गुन्हेगार असतात आणि जबडा, कवटी, कान पाहून ती ओळखता येतात. आम्ही हसलो.

"अम्मी, अब्बा, हसू नका," ती म्हणाली. "त्याच्या पाच वर्षे आधी इंग्रजांनी हिंदुस्थानात कायदाच केला होता."

तो 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. आमच्या सोलापुरातली सेटलमेंट त्याच कायद्याची. तारेच्या कुंपणात राहायचे, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जमातीत जन्मलो म्हणून. 1952 मध्ये कायदा गेला. पण ज्या जमातींवर शिक्का बसला होता त्यांत आपलेच मुस्लिम छप्परबंदही होते, आणि राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ते नाव आजही आहे. जन्म सोलापुरात गेला, सेटलमेंटवरून हजारदा रिक्षा गेली. हे आम्हाला लेकीने सांगावे लागले.

"पण दोन विषय एकत्र कशाला?" आम्ही विचारले. ती म्हणाली, मानसशास्त्र विचारते, या एका माणसाच्या मनात काय चालले होते? गुन्हेगारीशास्त्र विचारते, त्याच गल्लीतली मुले पुन्हा पुन्हा का पकडली जातात, कायदा कुणी केला, संशय आधी कुणावर जातो? नुसते पहिले शिकले तर सगळा दोष पोराच्या डोक्यात दिसतो. नुसते दुसरे शिकले तर गल्ली दिसते, पोरगा दिसत नाही.

मग तिने एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन संशोधक बाईंचा 1974 चा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, जोरात आदळल्या तेव्हा किती होता? आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण 'पाहिली' म्हणाले. 'लागल्या' ऐकलेल्या 50 पैकी 7. खोटे कुणीच बोलत नव्हते. प्रश्नानेच आठवण बदलली होती.

ती बोलत होती आणि आम्ही एकमेकांकडे पाहणे टाळत होतो.

काही वर्षांपूर्वी वर्गातून सहलीचे बाराशे रुपये नाहीसे झाले. वर्ग आमच्यापैकी एकाचा होता. कुणाचा ते सांगत नाही, कारण शिक्षक-खोलीत दोघांनीही मान डोलावली होती. आम्ही वर्गाला विचारले नाही की काय घडले. आम्ही एका मुलाचे नाव घेऊन विचारले, "याला टेबलाजवळ कुणी पाहिले?" त्याच्या थोरल्या भावावर पोलीस केस होती, एवढाच पुरावा. दोन हात वर झाले. दप्तर उपसले. काही निघाले नाही. तिसऱ्या दिवशी पैसे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात मिळाले, आमच्याच हाताने बांधलेल्या. वर्गात सांगितले, "पैसे सापडले." त्या मुलाला काहीच सांगितले नाही. महिन्याभरात त्याने शाळा सोडली.

सूरह हुजुरातमधली शिकवण, की आलेली बातमी पारखून घ्यावी आणि संशयापासून दूर राहावे, आम्ही परिपाठात कितीदा सांगितली असेल. त्या दिवशी आठवली नव्हती.

रात्री लेकीला सगळे सांगितले. ती रागावली नाही, हेच जड गेले. एवढेच म्हणाली, "मुलाला चोर म्हणत राहिले की बाकीचे दरवाजे बंद होतात, मग उरलेल्या एका दरवाजाने तो जातो. आम्हाला हा धडाच आहे."

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. नातेवाईक विचारतात, यातून पोट भरेल का? आम्ही चौकशी केली ती सांगतो. नुसत्या बीएवर कुणी मानसोपचार करू शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. म्हणून प्रवेशाआधीच पुढची वाट विचारून घ्यावी. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेगारीशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास होतो; तिथलाच 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून पोलीस ठाणी आणि तुरुंगांतल्या माणसांसोबत काम करतो. टीव्हीवर दिसते तसे चेहरा पाहून खुनी ओळखणे यात नाही.

आमच्या लेकीला बाल न्याय मंडळासोबत काम करायचे आहे. 2015 च्या कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज तपासून, खटला मोठ्यांसारखा चालवावा का हे ठरते. त्या तपासणीत मंडळाला मानसशास्त्रज्ञांची मदत घेता येते. मुलासमोर बसून त्याला काय विचारायचे आणि कोणत्या शब्दांत, यावर त्याची पुढची वर्षे अवलंबून असतात. ते काम आमची लेक करणार असेल, तर दादीजान, रिश्तेवाल्यांना आम्ही उत्तर देऊ.

गेल्या रमजानच्या आधी आम्ही दोघे त्या मुलाला शोधत गेलो. तो आता एका गॅरेजमध्ये मिस्त्री आहे. ओळखले त्याने, हात पुसत उठला, पोऱ्याला चहा आणायला पिटाळले. आम्ही माफी मागितली. वाक्य घरून ठरवून नेले होते, ते अर्धेच निघाले. तो म्हणाला, "जाने दो सर. टीचर, आप बैठो." बराच वेळ काही बोलला नाही. निघताना मात्र गॅरेजच्या दारापर्यंत आला.

"भाई का लडका जून में आपकेच स्कूल में आ रहा, पाचवी में. उसको हमारे नाम से नक्को पहचानो."

तो मुलगा जूनमध्ये आला. तिसऱ्या बाकावर बसतो. वर्गशिक्षकांना त्याच्याविषयी आम्ही काहीही सांगितलेले नाही.