लिमरिकच्या कॅसेटीतला आवाज

चि. मृणाल हीस अनेक आशीर्वाद.

‘द क्रॅनबेरीज’ हा आयरिश बँड जगभर पोहोचण्यापूर्वीच्या त्याच्या कच्च्या ध्वनिमुद्रणांना संग्राहकाच्या हौसेपलीकडे काही मोल आहे काय, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागते. पुढच्या गाजलेल्या अल्बममध्ये गाणे कोणते आणि त्यावर चढवलेला साज कोणता, हे त्या अल्बमवरून ठरवता येत नाही. ते ठरवायचे तर साज चढण्यापूर्वीचे गाणे ऐकायला हवे, आणि ती सोय या मुद्रणांनी करून ठेवली आहे.

लिमरिक हे आयर्लंडच्या पश्चिमेकडील, शॅनन नदीवरील शहर. तेथे १९८९ मध्ये नोएल होगन (गिटार) आणि माइक होगन (बास गिटार) हे भाऊ, ड्रमवादक फर्गल लॉलर आणि गायक नाइल क्विन यांनी ‘द क्रॅनबेरी सॉ अस’ नावाचा बँड काढला. हे नाव म्हणजे ‘क्रॅनबेरी सॉस’वर केलेली कोटी होती, आणि ती पुढे टाकून दिली गेली हे बरेच झाले. १९९० मध्ये क्विन बाहेर पडला आणि त्याच्याच ओळखीतून बॅलीब्रिकन या जवळच्या गावची डोलोरेस ओ’रिअर्डन चाचणीसाठी आली. तेव्हा ती १८ वर्षांची होती आणि तिची गाण्याची तालीम मुख्यतः चर्चमध्ये व शाळेत झालेली होती. नोएल होगनने तिला शब्द नसलेल्या चालीची एक कॅसेट दिली, ती घरी नेऊन तिने तिच्यावर शब्द आणि गळ्याची चाल बांधली, आणि त्यातून ‘लिंगर’ हे गाणे उभे राहिले.

या गाण्याची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यात डी, ए, सी आणि जी या चार कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे चार गुच्छ, त्याच क्रमाने गाणे संपेपर्यंत फिरत राहतात. सामान्यतः पॉप गाण्यात अंतरा संपून धृपद आले की कॉर्डांची मांडणी बदलते आणि ऐकणाऱ्याला आपण नव्या जागी आल्याची जाणीव होते. येथे गिटार तशी कोणतीही खूण देत नाही, त्यामुळे अंतरा आणि धृपद यांतील भेद दाखवण्याचे सगळे ओझे गळ्यावर येऊन पडते. ओ’रिअर्डन ते काम दोन उपायांनी साधते: अंतऱ्यात ती बोलण्याच्या जवळ राहते, शब्द आखूड ठेवते व ओळीच्या शेवटी दम सोडते, तर धृपदात एकेक अक्षर लांबवून वरच्या स्वरांकडे सरकते. चाल देणाऱ्याने रिकामी सोडलेली जागा गाणारीने अशी भरली की ती रिकामी होती हे कळूच नये. ही रचना लिमरिकमध्येच पक्की झाली होती; अल्बमसाठी तिच्यावर व्हायोलिनादी तंतुवाद्यांचा थर चढला, पण त्याने तिचा सांगाडा बदलला नाही.

गळ्याविषयीही थोडे सांगणे अगत्याचे आहे, कारण त्याबाबत पुष्कळ धूसर लिहिले गेले आहे. तिच्या गाण्यात आवाज छातीतल्या भरीव स्वरावरून डोक्यातल्या पातळ स्वरावर एकाएकी उडी घेतो आणि ही उडी लपवण्याऐवजी ती मुद्दाम ऐकवते. या तंत्राला योडल असे नाव आहे. इंग्रज समीक्षकांनी त्यात प्राचीन केल्टिक विलाप ऐकला. आयर्लंडमध्ये ‘शान-नोस’ ही साथीविना, अलंकार गुंफत गाण्याची जुनी परंपरा आहे आणि मृतासाठी केल्या जाणाऱ्या ‘कीनिंग’ या शोकगायनाचीही होती, तेव्हा तो तर्क अगदीच निराधार म्हणता येत नाही. तथापि स्वतः ओ’रिअर्डनने योडलचे मूळ सांगितले ते वडिलांच्या तोंडी असलेल्या ‘कॅटल कॉल’ या अमेरिकी काउबॉय गाण्यात! ग्रामीण आयर्लंडमध्ये अमेरिकेचे कंट्री संगीत घरोघरी ऐकले जात असल्याने यात नवल काहीच नाही. नवल इतकेच की परंपरेची हौस असणाऱ्यांना ही साधी वाट दिसली नाही.

सुरुवातीच्या कॅसेटींपैकी ‘नथिंग लेफ्ट अ‍ॅट ऑल’ ही लिमरिकच्या ‘झेरिक’ या स्थानिक कंपनीने काढली आणि तिच्या सुमारे ३०० प्रती तेथील दुकानांतून खपल्या. नंतर झेरिकचा मालक पीअर्स गिलमोर बँडचा व्यवस्थापक झाला आणि त्याच्या स्टुडिओत तयार झालेली डेमो टेप, म्हणजे कंपन्यांना ऐकवण्यासाठी केलेले नमुन्याचे मुद्रण, ब्रिटनभर पाठवली गेली. तिच्यात ‘लिंगर’ आणि ‘ड्रीम्स’ यांची पहिली रूपे होती. त्या टेपमुळे लंडनच्या कंपन्यांत चढाओढ लागली आणि अखेर ‘आयलंड’ या कंपनीने, जिच्याकडे तेव्हा यूटू हा डब्लिनचा बँड होता, करार केला. इंडी या शब्दाने मुळात मोठ्या कंपन्यांबाहेरचे स्वतंत्र संगीत दर्शवले जाई. १९९१ पर्यंत मात्र तो एका ध्वनिशैलीचे नाव झाला होता, म्हणून एवढ्या मोठ्या कंपनीत जाऊनही हा बँड इंडीच म्हणवला गेला.

त्याच वर्षी ‘अनसर्टन’ हे चार गाण्यांचे ईपी, म्हणजे सिंगलहून मोठे आणि अल्बमहून लहान प्रकाशन, आले आणि डेमोने चढवून ठेवलेल्या अपेक्षा त्याने धुळीस मिळवल्या. समीक्षकांचा तो निकाल प्रस्तुत पत्रलेखकास अर्धाच मान्य आहे. गाणी कमकुवत नाहीत; चुकली ती त्यांची मांडणी. त्या काळी ब्रिटनमध्ये ‘शूगेझ’ या शैलीचा बोलबाला होता, जिच्यात गिटारींचे आवाज यंत्रांतून घुमवून त्यांचा दाट पडदा केला जातो आणि गाणाऱ्याचा आवाज त्या पडद्यातच विरघळू दिला जातो. ‘अनसर्टन’मध्ये त्याच धुक्याची छाया आहे. अनेक बँडांना हे धुके मानवले, कारण त्यांच्या गायकांना लपायला जागा हवी होती. लिमरिकच्या या बँडाचे सगळे भांडवल मात्र एका गळ्यात होते, आणि तोच मागे ढकलला गेला. त्या काळात रंगमंचावरही ओ’रिअर्डन संकोचाने प्रेक्षकांकडे पाठ करून किंवा तिरपी उभी राहून गात असे, तेव्हा ध्वनिमुद्रणातील ही माघार एकट्या तंत्राच्या माथी मारणेही न्याय्य ठरणार नाही.

पुढे गिलमोर आणि बँड यांच्यात बिनसले, ‘रफ ट्रेड’ या कंपनीचा जेफ ट्रॅव्हिस व्यवस्थापक झाला, आणि १९९२ मध्ये डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत निर्माता स्टीफन स्ट्रीट याच्याबरोबर अल्बमचे काम नव्याने मांडले गेले. होगन बंधूंचे दैवत असलेल्या ‘द स्मिथ्स’ या मँचेस्टरच्या बँडाची मुद्रणे स्ट्रीटने हाताळली होती. गिटारीचे स्वर सुटे व लखलखीत ठेवायचे आणि गळा त्यांच्या पुढे उभा करायचा, हा त्याचा शिरस्ता येथे नेमका लागू पडला. शिवाय ओ’रिअर्डनचाच आवाज अनेकदा मुद्रित करून त्याचे पदर मागे लावले गेले, ज्यामुळे मुख्य गळ्याला साथ मिळाली ती बव्हंशी त्याच गळ्याची.

मार्च १९९३ मध्ये आलेल्या या अल्बमला ब्रिटनने आधी दाद दिली नाही. अमेरिकेत एमटीव्हीने ‘लिंगर’ लावून धरले, ते तेथील मुख्य यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढले, आणि मग १९९४ मध्ये तोच अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. बाकीची हकीकत सर्वश्रुत आहे.

अल्बमच्या पंचविशीनिमित्त २०१८ मध्ये, म्हणजे ओ’रिअर्डनच्या निधनाच्याच वर्षी, निघालेल्या वाढीव आवृत्तीत सुरुवातीची मुद्रणे समाविष्ट आहेत. ‘अनसर्टन’ आधी ऐकावे आणि अल्बम अखेरीस; उलट क्रमाने ऐकल्यास कान तंतुवाद्ये शोधत बसतो आणि ती न सापडल्याचा दोष गाण्याला देतो.

कळावे.

तुझा
मामा

ता. क. नाइल क्विन गायक असतानाची ‘एनिथिंग’ नावाची एक कॅसेटही आहे. पुढे ‘द हिचर्स’ या बँडात रमलेल्या क्विनचा पिंड थट्टेखोर होता, आणि त्याच होगन बंधूंची गिटार वेगळ्या गायकामागे किती वेगळी ऐकू येते हे तपासायचे असल्यास तीही मिळवून ऐकावी.