राजमाचीच्या वाटेवर चौपायी सोबत

सह्याद्रींत पायीं हिंडण्याची हौस आतां घरोघर दिसूं लागली आहे. परंतु घरांतलें कुत्रें बरोबर न्यावें कीं नाहीं, याविषयीं मात्र प्रत्येक घरांत दोन पक्ष असतात. आमच्या घरीं ते तीन होते. मुलांचा पक्ष म्हणे, ठमी आलीच पाहिजे. वडील मंडळी म्हणत, रानांत कुत्र्याचें काय काम? तिसरा पक्ष एकट्या आत्याबाईंचा. कुत्री न्या अथवा ठेवा, पण माझ्या फराळाच्या डब्याला तिचें नाक लागतां कामा नये, एवढेंच त्यांचें म्हणणें. ठमी ही तांबूस रंगाची, उभ्या कानांची, अगदीं गांवठी कुत्री. आमच्या घरीं तिचें राज्य ओसरीपुरतें. माजघराचा उंबरा तिनें कधीं ओलांडला नाहीं आणि आत्याबाईंनीं ओलांडूंहि दिला नाहीं. अखेर मुलांचा पक्ष विजयी झाला, आणि कार्तिक वद्यांतल्या एका पहाटे आम्ही नऊ माणसें व एक कुत्री लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेला लागलों.

प्रथम बेत भीमाशंकराचा होता. पण तें रान १९८५ सालापासून अभयारण्य आहे. शेकरूसारखा भित्रा जीव जेथें झाडावरून झाडावर उड्या घेत असतो, तेथें कुत्रें नेणें आम्हांस प्रशस्त वाटेना. प्रश्न केवळ भुंकण्याचा नाहीं. कुत्र्यांचे रोग रानांतल्या कोळसुंद्यांना व कोल्ह्यांना जडूं शकतात, आणि त्यांना टोंचणारा वैद्य तेथें कोठून येणार? ठमीला आवश्यक त्या सर्व लसी टोंचलेल्या होत्या, तरीहि अभयारण्याचा विचार आम्ही सोडून दिला. राजमाचीस हा प्रश्न नव्हता.

लोणावळ्याहून तुंगार्लीच्या तलावावरून निघालें म्हणजे राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी सुमारें पंधरा किलोमीटर पडते. वळवंड, फणसराई अशीं लहान गांवें वाटेच्या आसपास आहेत. भक्कम मोटारी आतां या वाटेनें जातात. पण ज्याला पाय आहेत त्यानें मोटारीनें जाऊं नये, असें आमचें मत आहे. डावीकडे उल्हास नदीचें खोल खोरें, आणि पलीकडे नागफणीचा सुळका व खंडाळ्याचे डोंगर. त्या डोंगरांच्या अंगावरून १८६३ साली आगगाडी बोरघाट चढून वर आली. कार्तिकांत गवत पिंवळें पडूं लागलेलें असतें, सोनकीचीं फुलें वाळून गेलेलीं असतात. मात्र जांभूळ, हिरडा, अंजनी यांची राई हिरवीगार असते, आणि तिच्यांत शिरतांच अंगावर गारवा येतो.

कुत्र्यासह चालण्याची गंमत ही कीं, वाट डोळ्यांनीं न कळतां नाकानें कळूं लागते. आपण क्षितिज पाहतों, तें जमीन वाचतें. एके ठिकाणीं ठमी अडून बसली. पाहतों तों रानडुकरांनीं रात्रीं कंदांसाठीं उकरलेली ताजी माती! पुढें ओढ्याच्या कांठीं चिखलांत तिनें नाक खुपसलें, तेव्हां भेकराच्या दुभंगलेल्या खुरांचे बारीक ठसे दिसले. आम्ही नऊ जण अठरा डोळे घेऊन त्यांवरून सहज निघून गेलों असतों. मुलांना त्या दिवशीं जें शिकायला मिळालें, तें शंभर चित्रें दाखवूनहि शिकवितां आलें नसतें.

पण हें सर्व दोरीवर. कित्येक हौशी मंडळी रानांत कुत्रें मोकळें सोडतात व तें ससे-तित्तिरांमागें धांवलें म्हणजे कौतुक करतात. आम्हांस तें मुळींच पसंत नाहीं. जमिनीवर घरटीं करणाऱ्या पाखरांना हा खेळ महागांत पडतो. शिवाय वासरूं पाठीशीं असलेली गाय कुत्र्यावर धांवून येते. कुत्रें पळतें तें आपल्या धन्याकडे, आणि गायहि मग तिकडेच येते. सहा हातांची बळकट दोरी व अंगाला नीट बसणारा पट्टा एवढी सामग्री पुरे. वाडी लागली कीं तेथलीं कुत्रीं सामोरीं येतातच. त्या वेळीं धोंडा उचलूं नये, धांवूं नये. आपलें कुत्रें आंखूड धरून कडेनें शांतपणें चालत राहावें. वाडीची हद्द सरतांच तीं आपली आपण परत फिरतात.

आणखी एक गोष्ट गृहिणींनीं ध्यानांत ठेवावी. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो पंजांच्या तळव्यांशींच काय तो येतो. त्याची सारी भिस्त धापेवर. कार्तिकांतलें ऊनहि दुपारीं कातळ तापवितें. हाताची पाठ दगडावर सुखानें टेंकवत नसेल, तर त्यावरून कुत्र्याला चालवूं नये. अकरा ते तीन आम्ही एका ओढ्याकांठीं जांभळाखालीं मुक्काम केला. दशम्या, थालीपिठें, दही असा बेत होता. धाकट्या पुतण्यानें आपल्या वांट्याचा बेसनलाडू ठमीपुढें धरला, तेव्हां त्याच्या आईनें तो झडप घालून काढून घेतला. लाडवांत बेदाणे होते, आणि द्राक्षें किंवा बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषासमान होऊं शकतात. कांदाहि कुत्र्याला विषारी ठरूं शकतो. ठमीचा दहीभात वेगळ्या डब्यांत होता, आणि तो आत्याबाईंनींच कालवून दिलेला होता, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

दिवस मावळतां मावळतां उधेवाडीस पोंचलों. ज्यांच्याकडे उतरण्याचें ठरलें होतें ते गृहस्थ आतिथ्यशील. तांदळाची भाकरी, झुणका, वर वाफाळलेला भात. जेवणें झाल्यावर ठमीला अंगणांतल्या मेढीशीं बांधण्यास आम्ही निघालों, तों घरांतली म्हातारी पुढें झाली.

“आक्का, कुत्रीला भायेर बांधू नगा. गेल्या पावसाळ्यात आमचा खंड्या ह्याच आंगनातनं नेला वाघरानं. भुकला बी न्हाई.”

वाघरूं म्हणजे बिबट्या. म्हातारी भिवविण्यासाठीं बोलत नव्हती. अकोले तालुक्यांतल्या बिबट्यांविषयीं २०१४ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाद्यांत वजनाच्या हिशेबानें सुमारें ३९ टक्के वांटा एकट्या कुत्र्यांचा आढळला. बिबट्याच्या लेखीं कुत्रें म्हणजे दारांत वाढून ठेवलेलें पान. बांधलेलें कुत्रें तर पळूंहि शकत नाहीं.

पुरुषमंडळी पडवींत निजणार होती. पण पडवीला दार नव्हतें. गोठ्यांत शेरडें होतीं, तीं बुजलीं असतीं. दाराला कडी असलेली खोली एकच, चुलीपलीकडची, आणि तींत बायकांचीं अंथरुणें पडलेलीं. सर्वांच्या नजरा आत्याबाईंकडे वळल्या. कोणी कांहीं बोलेना. त्यांनीं म्हातारीला विचारलें, “आजी, तुमच्या चुलीवरून कुत्री नेलेली चालेल का?”

“मुका जीव हाय, बाय. त्याला कसलं चालनं आन् न चालनं?”

आत्याबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “आणा तिला आंत. पण माझ्या पायथ्याशीं, उशाशीं नको.”

मध्यरात्रीनंतर ठमी हळू गुरगुरूं लागली. मग तीहि गुरगुर थांबली. वाडींतलीं कुत्रीं एकाएकीं भुंकूं लागलीं आणि तितक्याच एकाएकीं गप्प झालीं. गोठ्यांत शेरडांचे पाय आपटले. मग दूर, उदयसागराच्या बाजूस, करवतीनें लांकूड कापावें तसा आवाज पांच-सहा वेळां आला. पडवींतले आम्ही उठून बसलों आणि बत्ती लावून, घोंगड्या पांघरून, एकमेकांना टेंकून राहिलों. घरधनी मात्र कूस बदलून म्हणाले, “गेलं खाली.” आंतली हकीकत सकाळीं सुनेकडून कळली. ठमी थरथर कांपत होती, आणि आत्याबाईंचा एक हात जपमाळेवर व दुसरा तिच्या मानेवर होता. पहाटेपर्यंत त्यांनीं तो काढला नाहीं.

उजाडल्यावर घरधन्यांनीं अंगणाच्या कडेला धुळींत उमटलेला ठसा दाखविला. चार बोटें, वाटोळी गादी, आणि नखांची खूण नाहीं. शेजारींच ठमीनें पाय टेंकला, त्यांत नखें स्पष्ट उमटलीं. मांजराचें कुळ चालतांना नखें आंत ओढून घेतें, कुत्र्याला तें साधत नाहीं. बिबट्या मेढीपासून आठ पावलांवरून गेला होता.

किल्ले पाहण्यास आम्ही फार वेळ घेतला नाहीं. श्रीवर्धन उंच, मनरंजन त्याहून ठेंगणा. मधल्या खिंडींत भैरवनाथाचें देऊळ. शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं हें ठाणें घेतलें. १८१८ सालीं तें इंग्रजांकडे गेलें. श्रीवर्धनावरून शिरोट्याचा तलाव आणि बोरघाट दोन्ही दिसतात, त्यावरून या जागेचें महत्त्व ध्यानांत येतें. गडावरील टांक्यांचें पाणी माणसें पितात. म्हणून ठमीला तेथें तोंड घालूं दिलें नाहीं, तिच्या थाळींत वेगळें ओतून दिलें. आत्याबाई देवळाबाहेर तिची दोरी धरून बसल्या. मुलांनीं धरतों म्हटलें तर म्हणाल्या, “तुमचें लक्ष नसतें.”

परतीची वाट आम्ही कोंढाण्याच्या बाजूची धरली. उधेवाडीहून दाट रानांतून ती थेट कोंकणांत उतरते. पाचोळ्याखालीं सुटे धोंडे असल्यामुळें उतरतांना दोरी धरणाऱ्याचीच कसोटी लागते. म्हणून तें काम धिप्पाड पुतण्याकडे दिलें. मध्यावर कोंढाण्याचीं बौद्ध लेणीं लागतात. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचें तेथलें चैत्यगृह. दर्शनी भागावर लांकूडकामाची हुबेहूब नक्कल, आणि कण्हाचा शिष्य बलक याचें नांव कोरलेला लेख. आम्ही लेख शोधीत असतां ठमी लेण्यासमोरच्या गार सावलींत अंग टाकून निजली होती.

खालीं कोंदिवड्यास मोटार येऊन उभी होती. पण आत्याबाईंनीं कोणालाहि तींत बसूं दिलें नाहीं. पावसाळ्यानंतरच्या रानांत गोचिडी फार. त्या कानांच्या मुळाशीं, बोटांच्या बेचक्यांत व शेपटीखालीं दडून बसतात, आणि वेळींच काढल्या नाहींत तर कुत्र्याला ताप आणतात. एका वाटींत साबणाचें पाणी घेऊन, चिमट्यानें अगदीं कातडीलगत धरून एकेक सरळ ओढून काढावी लागते. मुलांनीं ठमीला धरलें. आत्याबाईंनीं चष्मा चढविला, पदर खोंचला आणि डाव्या कानापासून आरंभ केला. एकंदर सतरा निघाल्या.